मोसंबीची बाग लावण्याआधी: बोअरची धार बघायची की विहिरीची पातळी?

जालना, बीडकडे मोसंबी लावायची म्हटली की पहिला प्रश्न येतो, "बोअरला किती इंची पाणी आहे?" पण बाग पंधरा-वीस वर्षं जगवायची असते. उपसलेलं पाणी दर पावसाळ्यात परत भरतं का, हे त्या धारेवरून कळत नाही.

आपल्याकडच्या काळ्या पाषाणात पाणी असतं ते भेगांत आणि लाव्हाच्या दोन थरांमधल्या सांध्यात. ती भेग वरच्या मुरमाशी जोडलेली असेल तर पावसाळ्यात भरते. नसेल तर जुना साठा एकदा उपसला की संपला. बोअर मारल्या दिवशी धार मात्र दोन्हीकडे सारखीच जोरात उडते. शिवाय बोअरचं पाणी कधीकधी शेजारच्या विहिरीचंच असतं. बोअर दिवसभर चालवून विहिरीची पातळी मोजली की ते उघड होतं, आणि ही तपासणी प्रत्येकाने करावीच.

विहिरीला वेळ द्यावा लागतो, पण तिच्याकडून हिशोब मिळतो. मेअखेरीस दोर सोडून पातळी मोजा, ऑक्टोबरात पुन्हा मोजा. समजा पाणी 4 मीटर चढलं. अशा खडकाच्या आकारमानात उपसता येईल असं पाणी साधारण 2 टक्केच असतं, म्हणजे भर पडली 8 सेंटिमीटरची. एकराला सव्वातीन लाख लिटर. आकडा मोठा वाटतो, पण 6 बाय 6 मीटरवर एकरात सुमारे 110 झाडं बसतात. वर्षभर वाटलं तर झाडाला रोज आठ लिटर येतात आणि उन्हाळ्यात फळावरच्या झाडाला याच्या कित्येक पट लागतं. म्हणजे एक एकर बाग कित्येक एकरांत मुरलेलं पाणी पिते, आणि त्या एकरांवर शेजाऱ्यांच्याही मोटारी आहेत. मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते.

पावसावरूनही ताळा घेता येतो. 700 मिलिमीटर पावसातला दहावा हिस्सा मुरला असं धरलं तर 7 सेंटिमीटर होतात. दोन्ही उत्तरं जवळ आली तर मोजणीवर भरवसा ठेवायला हरकत नाही. पावसाळ्यात मोटार चालली असेल तर तेवढा उपसा भरीत मिळवायला विसरू नका.

पाण्याचं वय काढणाऱ्या प्रयोगशाळेतल्या चाचण्याही आहेत. ट्रिटियम, म्हणजे हायड्रोजनचा किरणोत्सारी प्रकार, सापडलं तर पाणी गेल्या काही दशकांतलं. सहाराखालच्या न्युबियन वालुकाश्मातलं हजारो वर्षांपूर्वीचं पाणी अशाच तपासण्यांतून ओळखलं गेलं. एका बागेसाठी एवढं करायची गरज नाही.

तालुक्याच्या सरकारी आकड्याचं काय? भूजल मूल्यांकनात उपसा वर्षाला उपसण्याजोग्या भूजलाच्या 70 टक्क्यांपर्यंत असेल तर तो भाग 'सुरक्षित' आणि 100 च्या वर गेला तर 'अतिशोषित' धरतात. अतिशोषित असेल तर बागेचा विचार सोडा. सुरक्षित असला तरी तो सरासरीचा आकडा आहे, तुमच्या बांधापुरता नाही.

माझं मत विहिरीच्या बाजूने आहे. एक चांगलं आणि एक कमी पावसाचं वर्ष मोजा, आणि कमी पावसाच्या वर्षी जेवढं भरलं तेवढ्यावर झाडांची संख्या ठरवा. विहीर नसेल तर शेजाऱ्याची मोजा. बोअर मारायचाच असेल तर 2009 च्या राज्याच्या भूजल कायद्यातली 60 मीटर खोलीची मर्यादा आधी तपासा, मग गाडी बोलवा.