नऊ महिने, दोन माईक आणि भाच्याकडे गेलेला गिम्बल

पोळ्याच्या आठवड्यात एकदम तीन पार्सलं घरी आली. चालताना चित्र हलू नये म्हणून फोन धरायची मोटारवाली दांडी, म्हणजे गिम्बल, ७,८०० रुपयांचा. कॉलरला लावायच्या दोन बिनतारी माईकांचा संच ३,४०० चा. आणि मुठीत मावेल एवढा एलईडी दिवा, १,१०० चा. आई म्हणाली, "एवढ्या पैशात वर्षाची तूरडाळ भरली असती." मी जळगावात राहते. शनिवार-रविवार धुळे, नंदुरबार, यावल-रावेर असं खाण्यासाठी हिंडते आणि त्याचे व्हिडिओ करते. आता आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होऊन गेली, नऊ महिने झाले, तेव्हा हिशेब मांडते. कंपन्यांची नावं मुद्दाम टाकत नाही. या किमतीतल्या वस्तू आतून साधारण सारख्याच असतात, फक्त खोका वेगळा.

घेताना मला खात्री होती की खरी वस्तू गिम्बल आहे आणि माईक आपला सोबतीला घेतलाय. झालं बरोब्बर उलटं.

पहिलाच घोळ असा की दोन्ही वस्तू एकत्र नांदत नाहीत. माईकचा आवाज पकडणारा तुकडा, म्हणजे रिसीव्हर, फोनच्या चार्जिंगच्या भोकात बसतो. फोन गिम्बलवर आडवा लावला की तो रिसीव्हर एका बाजूला बाहेर येतो आणि थेट दांडीच्या हाताला टेकतो. फोन थोडा सरकवून बसवला तर तोल जातो, मग मोटारी थरथरायला लागतात आणि तीच थरथर चित्रात उतरते. खोक्यावर हे कुठे लिहिलेलं नसतं. दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, "ताई, उभा व्हिडिओ काढा ना." उभा काढला की रिसीव्हर खाली लोंबतो आणि वरचा जड भाग खाली, खालचा वर, असं काहीतरी होऊन बसतं. शेवटी प्रत्येक वेळी दोघांतला एकच निवडायची पाळी आली.

गिम्बल वाईट आहे असं मात्र नाही. नवापूरच्या स्टेशनवर त्याने पैसे वसूल केले. तिथली एकच इमारत अर्धी महाराष्ट्रात, अर्धी गुजरातेत आहे, आणि फलाटावरच्या एका बाकाच्या मधोमध सीमारेषा रंगवली आहे. मी चहाचा कप हातात घेऊन त्या रेषेवरून चालत गेले, चित्र पाण्यासारखं सरळ आलं. तोरणमाळच्या यशवंत तलावाकाठीही तसंच. चालायचं असेल, बोलायचं नसेल, तर गिम्बलला तोड नाही. पण जेवायला गेल्यावर माणूस चालतो किती? आम्ही बसतो. आणि बसल्यावर बोलतो.

हे नीट कळलं ते भरीत पार्टीत. खानदेशाबाहेरच्यांना सांगायला हवं की हिवाळ्यात आमच्याकडे कोणी "शेतात ये" म्हटलं तर त्याचा अर्थ भरीत. यावल तालुक्यातल्या बामणोदची वांगी, फिकट हिरवी, वर पांढरट रेघा, एकेक पाव-अर्धा किलोचं. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, पण शेतात कोणी त्याचं नाव काढत नाही. तिथे वाद एवढाच की वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजायची की तुरीच्या. आम्ही कपाशीच्या पेटवल्या. चाळीस माणसं, बारा-तेरा किलो वांगी.

मी गिम्बल घेऊन जाळाभोवती गोल फिरले. दोन गोष्टी घडल्या. एक, ज्या आप्पांनी जाळ लावला होता ते एकदम सावरून उभे राहिले, टोपी नीट केली आणि गप्प झाले. एरवी ते तोंड मिटत नाहीत. दांडीवरचा फोन पाहिला की लोकांना टीव्हीवाले आल्यासारखं वाटतं. दुसरं, वाऱ्याने राख उडाली आणि गिम्बलच्या वरच्या सांध्यात गेली. त्या दिवसापासून तो फिरताना करकर आवाज करतो. पुण्याच्या दुरुस्ती केंद्राला फोन केला तर धूळ-राख वॉरंटीत बसत नाही म्हणाले. ठीक आहे, बसत नसेल. पण शेतकऱ्यांच्या मुलखात विकताना तेवढं आधी सांगावं.

मग गिम्बल पिशवीत टाकला, फोन पोत्याला टेकवून ठेवला आणि माईक आप्पांच्या सदऱ्याला लावला. पाच मिनिटांत ते विसरले. वांग्याची जळकी सालं काढता काढता कोणाच्या लग्नात किती क्विंटल वांगी लागली, कोणी तेलात कंजूषपणा केला, सगळं बाहेर पडलं. मधेच मला म्हणाले, "मांगं सरक वो, धूर लागीन." तेही आलं. मग सोललेली वांगी लाकडाच्या बडजीत घातली, मिरची-लसणाच्या ठेच्याबरोबर, आणि दोघे जण समोरासमोर बसून कुटायला लागले. धप्प, धप्प, त्यात हळूहळू ओला चिकट आवाज मिसळत जातो. वांगं एकजीव झालं की आवाज बदलतो, आणि कुटणारा न बघता थांबतो. हे मला लहानपणापासून दिसत होतं, ऐकू आलं त्या दिवशी रात्री घरी, हेडफोन लावून.

आता माईकची बारीक कुरबुर. त्याच्यावर एक बटण आहे, आजूबाजूचा गोंगाट कमी करायचं. सुरुवातीला मी ते कायम चालू ठेवायची. त्याच पार्टीत भरिताला फोडणी दिली, तेलात शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, वरून कांद्याची पात. केवढा चर्रर्र आवाज! व्हिडिओत बघते तर कढईतून वाफ येतेय आणि आवाज काहीच नाही, जणू काचेमागे स्वयंपाक चाललाय. कारण साधं आहे. ते बटण एकसारखा चालणारा आवाज म्हणजे गोंगाट असं धरतं, पंखा काय आणि फोडणी काय, त्याला सारखंच. तेव्हापासून खाण्याच्या कामात ते बंद. पंख्याचा आवाज आला तर आला. वाऱ्यासाठी वेगळी केसाळ टोपी येते, ती मात्र शेतात घालायलाच हवी. ती इतकी उंदराच्या पिल्लासारखी दिसते की एका आजीने दोनदा झटकून टाकली.

माईक लावायचा कुठे, हेही शिकावं लागलं. हनुवटीखाली साधारण एक वीत. मंगळसूत्राजवळ लावला तर प्रत्येक हालचालीला खर्र होतं. साडीच्या पदराला चिमटा टिकत नाही, सुती असेल तर बरा, रेशमी असेल तर घसरतोच. चुंबकाची क्लिप सोबत येते, ती पदरावर छान बसते, पण ज्यांना पेसमेकर बसवलाय त्यांच्या छातीजवळ चुंबक नेऊ नका. मी आता वयस्कर माणसांना आधी विचारते.

बॅटरी सहा तास म्हणतात. नवीन असताना पाच भरली, आता चारच्या आसपास. डबीत ठेवली की चार्ज होते, म्हणून अडलं नाही.

दिव्याबद्दल फार बोलण्यासारखं नाही. वाया गेला. हायवेवरच्या ढाब्यावर रात्री शेवभाजी मागवली, तिखट काळ्या मसाल्याची, वर दोन बोटं लाल तर्री. त्या दिव्यात तर्री मातकट दिसली आणि शेव भुऱ्या रंगाची. स्वस्त एलईडीत लाल रंग मरतोच. शिवाय ढाब्यावरच्या ट्यूबांमुळे चित्रात काळे पट्टे सरकत होते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे असे दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. फोनमध्ये सेकंदाला ३० ऐवजी २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंदावर धरलं की पट्टे जातात. हे कळायला मला चार ढाबे लागले, म्हणजे चार शेवभाज्या, तक्रार नाही. आणखी एक, काळा रस्सा पाहून फोन चित्र उगाच उजळ करतो आणि रस्सा वरणासारखा दिसतो. पडद्यावर बोट दाबून उजेड बांधून घ्यायचा आणि थोडा खाली ओढायचा. बोट आधी पुसून, नाहीतर तेलकट पडदा ऐकत नाही.

सारंगखेड्याच्या यात्रेत माईकने मान टाकली. दत्तजयंतीला तापीकाठी घोड्यांचा बाजार भरतो, माणसांची ही गर्दी, पाळणे, भोंगे. मी एका घोडेवाल्या काकांना माईक लावला आणि ते घोड्याच्या पलीकडे गेले. झालं, आवाज तुटक. मधे माणसाचं शरीर आलं तरी हे माईक अडखळतात, इथे तर अख्खा घोडा होता. गर्दीत सात-आठ हातांपेक्षा लांब जाऊ देऊ नये. खोक्यावर २०० मीटर छापलंय, ते बहुतेक वाळवंटात मोजलं असावं.

नंदुरबारला मिरचीच्या पथारींवर गेले होते. डोळे पोचतील तिथवर लाल मिरची वाळत घातलेली. चित्र अप्रतिम. आवाजात फक्त माझा खोकला आणि शिंका, आणि मागे काम करणाऱ्या बायकांचं हसणं. एकीने मला रुमालाला पाणी लावून तोंडाला बांधायला दिला. त्या दिवसभर तिथे वावरतात. तो व्हिडिओ मी मिरचीच्या रंगासाठी काढायला गेले होते. पण ठेवला त्या हसण्यासाठी.

उन्हाळ्याचं वेगळं सांगते, कारण पुण्या-मुंबईचे लोक याबद्दल लिहीत नाहीत. फोनच्या माहितीपत्रकात बाहेरचं तापमान ३५ अंशांपर्यंत असावं असं छापलेलं असतं. भुसावळात एप्रिलमध्येच पारा ४३ ला टेकतो. दुपारी अकरानंतर फोन आधी पडदा मंद करतो, मग चित्रण बंद करतो, मग "थंड होऊ द्या" म्हणून बसतो. गिम्बलवर तर तो उन्हात टांगलेलाच असतो. मी आता ओल्या पंचात गुंडाळलेल्या डब्यात फोन ठेवते, पंचा डब्याला, फोनला नाही. फ्रीजमध्ये ठेवायचा शहाणपणा करू नका, बाहेर काढल्यावर आतून दव धरतं.

आणि आखाजी. मामीच्या गावी गेले, अमळनेरकडे. गल्लीत झोका, घरात आमरस, आणि चुलीवर उपडं खापर, म्हणजे पुरणाचे मांडे. वस्त्रगाळ पीठ, सैल तिंबलेली कणीक, त्यात पुरणाचा गोळा. मामी बांगड्या कोपराकडे सारते आणि तो गोळा दोन्ही हातांवर घेऊन झेलत, फिरवत वाढवत नेते. पोळपाट नाही, लाटणं नाही. बघता बघता मांडा कोपरापर्यंत पसरतो, इतका पातळ की पलीकडचा जाळ दिसतो, आणि मग एका झटक्यात खापरावर. माईक छातीवर लावला तर हात सारखे त्याला लागत होते. मग मानेमागे, पोलक्याच्या काठाला लावला. चिमटा लावताच मामी दचकली, "हाई काय शे व माय?" सांगितलं तेव्हा म्हणाली, "तुन्हं शूटिंग ऱ्हाऊ दे, आधी गरम गरम खाई ले." खाल्लं. दोन मांडे, आमरसात बुडवून. चित्रण नंतर.

तिथेच एक चूक झाली. चित्रण संपल्यावर माईक काढायचा राहिला. मामी परसात गेली आणि शेजारणीशी घरच्या काही गोष्टी बोलली, सुनेच्या माहेरच्या. रात्री ऐकताना कळलं. तिथल्या तिथे पुसून टाकलं आणि दुसऱ्या दिवशी मामीला सांगितलंही. ती हसली, पण कानाची पाळी लाल झाली. तेव्हापासून माईक लावताना आणि काढताना मी मोठ्याने सांगते, "मामी, चालू", "मामी, बंद". माईक लहान असल्याचा फायदा तोच, तोटाही तोच.

आता घ्यावं का? खाण्याच्या जागी जाऊन माणसांना बोलतं करायचं असेल तर माईकच घ्या, दोघांचा संच घ्या, कारण जेवताना एकटा कोणी बोलत नाही. उरलेल्या पैशात एक साधा तीन पायांचा बुटका स्टँड, तीन-चारशेचा. चालत फिरायचे, डोंगर-नदीचे व्हिडिओ करणाऱ्यांनी गिम्बल जरूर घ्यावा, पण काड्यांच्या जाळाजवळ नेऊ नये. दिवा घेऊ नका, दाराजवळ बसा.

माझा गिम्बल सध्या भाच्याकडे आहे. तो त्यावर फोन लावून क्रिकेटचे सामने काढतो आणि करकर आवाजाचं त्याला काही वाटत नाही. एका माईकची क्लिप ढिली झालीय. नुसती क्लिप कंपनी विकत नाही, अख्खा संच घ्या म्हणते. आईने गोधडीच्या दोऱ्याने घट्ट बांधून दिलीय. डाळीचा विषय तिने अजून सोडलेला नाही.