एक टीबी स्वस्तातली की पाचशे जीबी भरवशाची?

एसएसडी, म्हणजे चिपांवर डेटा साठवणारी डिस्क, लिहिता लिहिता मध्येच थबकते. कर्सर हलतो, पण फाइल सेव्ह होत नाही, आणि चार-दोन सेकंदांनी अडलेलं सगळं एकदम पुढे सरकतं. या त्रासाला कंटाळलेला माणूस शेवटी दुकानात जाऊन उभा राहतो आणि जवळपास सारख्याच पैशांत दोन डबे त्याच्यासमोर येतात. एकात १ टीबीची क्यूएलसी, म्हणजे चिपेतल्या प्रत्येक पेशीत चार बिट कोंबणारी, आणि डीरॅम ही स्वतःची छोटी जलद मेमरी नसलेली. दुसऱ्यात ५०० जीबीची टीएलसी, म्हणजे पेशीत तीनच बिट ठेवणारी, डीरॅमवाली. मी दोन्ही वापरल्यात. पहिली अजून घरात कामाला आहे, लॅपटॉपमध्ये मात्र दुसरी बसलेली आहे. माझं काम जरा निराळं असल्यामुळे माझा कौल सगळ्यांना लागू पडेलच असं नाही.

पैसे खर्च करण्याआधी दोष खरंच डिस्कचा आहे ना, तेवढं बघून घ्या. विंडोजमध्ये रिसोर्स मॉनिटर उघडून डिस्कच्या टॅबमध्ये रिस्पॉन्स टाइमचा रकाना पाहायचा. एरवी तिथे एक-दोन मिलिसेकंद दिसतात. थबकण्याच्या वेळी तो आकडा शेकड्यांत किंवा हजारांत गेला आणि तरीही लिहिण्याचा वेग शून्याजवळ असला, तर संशय डिस्कवर घ्यायला हरकत नाही. पण त्याच वेळी इव्हेंट व्ह्यूअरमध्ये १२९ क्रमांकाच्या, डिव्हाइस रीसेट केल्याच्या नोंदी पडत असतील, तर आधी पॉवर ऑप्शन्समधली लिंक स्टेट पॉवर मॅनेजमेंट बंद करून बघा. वीज वाचवायला झोपलेली डिस्क वेळेवर जागी होत नाही, अशातला तो प्रकार असू शकतो. लिनक्सवाल्यांनी त्यासाठी एपीएसटी, म्हणजे डिस्कचं आपोआप झोपणं, बंद करून पाहावं.

लिनक्सवर आणखी एक गंमत आहे. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, मूळ सेटिंगनुसार मोकळ्या मेमरीच्या २० टक्क्यांपर्यंत न लिहिलेला डेटा साठू देतो. १६ जीबी रॅममध्ये तो सहज दोन-तीन जीबी होतो. कॉपी भुर्रकन ९९ टक्क्यांवर जाते आणि तिथे ठाण मांडून बसते. तिथे डिस्कला उगाच बोल लागतो. ही मर्यादा कमी केली की निदान खरा वेग दिसतो.

ट्रिम, म्हणजे पुसलेल्या फायलींची जागा मोकळी झाल्याचं डिस्कला कळवणं, चालू आहे का, हे विंडोजच्या ‘ऑप्टिमाइझ ड्राइव्हज’मध्ये शेवटची तारीख बघून कळतं. लिनक्सवर डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल, तर ट्रिमचा हुकूम खालपर्यंत पोचू देण्याची परवानगी बऱ्याचदा वेगळी द्यावी लागते. आणि इंदूरचा मे महिना लक्षात घ्या. खोलीतच चाळीसच्या आसपास असताना लॅपटॉपच्या पोटातली एनव्हीएमई (नव्या, जलद जोडणीची डिस्क) तापून स्वतःच वेग कमी करते. स्मार्टच्या, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते त्या, माहितीत किती मिनिटं धोक्याच्या तापमानावर गेली याची नोंद असते. ती वाढत असेल, तर नवी डिस्कही त्याच भट्टीत जाणार.

हे सगळं पाहूनही डिस्क थबकत असेल, आणि विशेषतः ती ऐंशी-नव्वद टक्के भरलेली असेल, तर पुढचं वाचा.

दोन्ही डिस्क आलेला डेटा थेट त्याच्या खऱ्या जागी लिहीत नाहीत. काही पेशी एकेक बिटाच्या पद्धतीने वापरून त्यात पटकन उतरवून घेतात आणि सवड मिळाली की तीन-तीन किंवा चार-चार बिटांत दाबून ठेवतात. दुकानाच्या ओट्यावर माल उतरवून घ्यायचा आणि गिऱ्हाईक पांगलं की आत गोदामात लावायचा, तसं. जाहिरातीत छापलेला वेग या ओट्याचा असतो. क्यूएलसीत एका पेशीत चार बिट मावतात, म्हणजे ओट्यावरच्या प्रत्येक जीबीसाठी गोदामाची चार जीबी जागा अडते. १ टीबीची डिस्क कोरी असताना फार तर अडीचशे जीबीचा ओटा मिळू शकतो, पण ८०० जीबी भरल्यावर पन्नासच उरतात. कंपनी प्रत्यक्षात त्याहूनही कमी देते. म्हणूनच ‘घेतली तेव्हा मस्त चालायची, आता लटकते’ ही तक्रार इतकी ऐकू येते. डिस्क बिघडलेली नसते, ओटा आकसलेला असतो.

ओटा संपल्यावर काय होतं, हे काही कंपन्या स्वतःच छापतात. सॅमसंगच्या ८७० क्यूव्हीओ या १ टीबीच्या क्यूएलसी डिस्कच्या कागदावर ४२ जीबीचा ओटा आणि त्यानंतर सेकंदाला ८० एमबी असं लिहिलेलं आहे. त्याच कंपनीच्या ९७० इव्हो प्लसची ५०० जीबीची टीएलसी आवृत्ती २२ जीबीनंतर ९०० एमबी देते. पहिली साटा, म्हणजे जुन्या, संथ जोडणीची, आणि दुसरी एनव्हीएमई असल्यामुळे तुलना अगदी चोख नाही, आणि ही आता जुनी मॉडेल्स झाली. पण ८० हा आकडा साटाच्या मर्यादेच्या कितीतरी खाली आहे, म्हणजे तिथे दोर आखडतोय तो क्यूएलसीचाच.

डीरॅमचं काम वेगळं. कुठला डेटा कुठल्या पेशीत ठेवला याचा नकाशा डिस्कला सतत लागतो, आणि साधारण १ टीबीला १ जीबीचा नकाशा होतो. डीरॅम नसेल तर एनव्हीएमई डिस्क लॅपटॉपच्या रॅममधून थोडी जागा उसनी घेते, बहुतेकदा ६४ एमबीच्या आसपास. तेवढ्यात जेमतेम ६४ जीबीचा नकाशा मावतो. बाकीच्यासाठी दर वेळी पेशींत डोकवावं लागतं. रोजच्या वापरात हे जाणवत नाही, हेही खरं. साटाच्या डिस्कला मात्र ही उसनवारीसुद्धा करता येत नाही, त्यामुळे जुन्या लॅपटॉपसाठी बिनडीरॅमची साटा मी कुणाला सुचवणार नाही.

आता माझा कौल ज्यावर ठरला ते.

मी गाण्याच्या बैठका रेकॉर्ड करतो. गायक, हार्मोनियम, तबल्याला दोन माइक, तानपुरे, खोलीचा आवाज असे धरून आठ ट्रॅक होतात. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट या हिशेबाने एका ट्रॅकला सेकंदाला १४४ केबी लागतात. आठांचे मिळून सव्वा एमबीसुद्धा होत नाहीत. डब्यावर ३५०० एमबी छापलेल्या डिस्कने हे झोपेतही लिहायला हवं. ती लिहितेही, मध्यंतरापर्यंत. मध्यंतरात लोक चहाला उठतात आणि मी दोन कॅमेऱ्यांची कार्डं लॅपटॉपवर रिकामी करतो, कारण उत्तरार्धाला तीच लागणार असतात. कॉपी पूर्ण झाल्याचं दिसतं, कार्डं परत जातात, मैफल पुढे सुरू होते. डिस्कची हमाली मात्र तेव्हा कुठे सुरू झालेली असते.

पडद्यावर मीटर नाचत असतो, पण त्याखाली उमटत जाणारी आवाजाची रेघ थांबते. दोन सेकंद, तीन सेकंद. मग रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर एक पिवळी पट्टी दाखवतं आणि रेघ पुन्हा धावायला लागते. घरी येऊन ऐकावं तर तिहाई व्यवस्थित येते आणि समेवरचा धा गायब. गायकाला हे कसं सांगायचं? सॉफ्टवेअरचा बफर वाढवून पाहिला. फरक पडला, पण थबकणं बफरपेक्षा लांबलं की पुन्हा तेच.

या एका गोष्टीने माझा डिस्ककडे बघण्याचा हिशेब बदलला. सरासरी वेग किती, हे मी विचारणं सोडलं आणि सर्वांत लांब थांबा किती, एवढंच बघायला लागलो. तो आकडा कुठल्याच डब्यावर नसतो. ५०० जीबीची टीएलसी घातल्यावर मध्यंतरातली कॉपी तशीच चालते. उत्तरार्धात रिस्पॉन्स टाइम थोडा वर-खाली होतो, पण रेघ थांबत नाही. प्रयोगशाळेतलं मोजमाप माझ्याजवळ नाही. सम जागेवर येते, एवढंच सांगू शकतो.

५०० जीबीची अडचण उघड आहे, जागा पुरत नाही. चार के व्हिडिओ १०० मेगाबिटने घेतला तर तासाला ४५ जीबी होतात. एका अनंत चतुर्दशीला रात्रभर मिरवणुकीतल्या झांक्यांचं (चित्ररथांचं) शूटिंग केलं की निम्मी डिस्क त्यातच जाते. म्हणून माझी जुनी १ टीबी आता यूएसबीच्या डबीत घालून ठेवली आहे आणि झालेली कामं रात्री तिच्यावर ढकलतो. यूएसबीतून तिला रॅमची उसनवारीही मिळत नाही, त्यामुळे ती आणखी अडखळते. पण तेव्हा मी झोपलेला असतो, तिने खुशाल थबकावं.

उलट बाजूही सांगतो. माझ्या भाच्याने कॉलेजसाठी १ टीबीची क्यूएलसीच घेतली. त्याला विचारलं तर म्हणाला, “मामा, तुमचं गाणं तुमच्यापाशी. माझे गेम दोन मिनिटांत उघडले की झालं.” त्याचं बरोबर आहे. एकदा लिहायचं आणि पुन्हा पुन्हा वाचायचं, अशा कामात दोघींत फरक शोधून सापडणार नाही. आयुष्याची भीती घालतात तीही तितकीशी खरी नाही. वर म्हटलेल्या १ टीबी क्यूव्हीओची हमी ३६० टीबी लिहिण्याची आहे आणि ५०० जीबी इव्हो प्लसची ३०० ची. घरगुती वापरात यातलं काहीच लवकर संपत नाही.

इंदूरच्या आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये गेलात तर काउंटरवरून बहुधा हेच ऐकू येईल, “सर, पाँच सौ में आजकल क्या होता है, टीबी वाला ले जाओ.” त्याचा सल्ला भाच्यासारख्या गिऱ्हाइकाला धरून आहे. तुम्ही ऑडिओ किंवा व्हिडिओ थेट लॅपटॉपवर घेत असाल, व्हर्च्युअल मशीन (संगणकाच्या आत चालणारा दुसरा संगणक) चालवत असाल, किंवा डिस्क नेहमीच काठोकाठ भरलेली ठेवत असाल, तर मला वाटतं लहान पण टीएलसीच घ्यावी. बजेट ताणता आलं तर टीएलसीची १ टीबी घ्या, मग प्रश्नच मिटला. आणि लगेच काहीच घ्यायचं नसेल तर आहे त्या डिस्कचा पाचवा भाग रिकामा करा, ट्रिम एकदा हाताने चालवा आणि लॅपटॉप तासभर नुसता चालू ठेवा. क्यूएलसीचं थबकणंही त्याने बरंच कमी होतं. माझं काही महिने त्यावरच निभावलं होतं.

घेताना डब्यावर टीएलसी की क्यूएलसी हे लिहिलेलं असेलच असं नाही, आणि नुसत्या नावावरही जाऊ नका. क्रुशल कंपनीची पी२ ही डिस्क आधी टीएलसी होती, २०२१ मध्ये त्याच नावाखाली क्यूएलसी झाली. त्यामुळे अलीकडच्या महिन्यांतला आढावा शोधा, आणि त्यात डिस्क पूर्ण भरेपर्यंत सलग लिहून काढलेला आलेख आहे का ते बघा. आलेखाची रेघ कुठे कोसळते आणि कोसळल्यावर शून्याला किती वेळा टेकते, एवढं पाहिलं तरी पुरे. स्लॉट मात्र आधी लॅपटॉप उघडून पाहून घ्या. काही पातळ लॅपटॉपांत २२४२ आकाराचीच (२२ मिमी रुंद, ४२ मिमी लांब) डिस्क बसते, आणि त्या आकारात डीरॅमवाली मिळणं कठीण जातं.