घर बांधताना फूट-इंच बरं की मिलिमीटर?

घर बांधायला काढलं की सिमेंट कुठलं, सळई कुठली, रेती कन्हानची की आणखी कुठली, यावर घरात महिनाभर चर्चा होते. माप कुठल्या टेपनं धरायचं हे मात्र कोणी विचारत नाही. मीही विचारलं नाही. नागपुरात बेस्याच्या एका लेआउटमध्ये ३० बाय ५० चा प्लॉट, म्हणजे १५०० चौरस फूट, म्हणून घरही फुटातच बांधायचं, इतकं ते सरळ होतं. तळमजला फूट-इंचात झाला, वरचा मजला आता मिलिमीटरमध्ये चालू आहे. दोन्हींचा अनुभव घेतलाय, म्हणून लिहितोय. तुमचं मत वेगळं असू शकतं, आणि त्याला कारणंही असतील.

आधी फुटाच्या बाजूनं बोलतो, कारण ती बाजू आपण समजतो तेवढी लंगडी नाही. 'दहा बाय बाराची खोली' म्हटलं की पलंग कुठे बसेल, कपाट उघडल्यावर जागा किती उरेल, सगळं डोळ्यांसमोर उभं राहतं. '३.०५ बाय ३.६६ मीटर' म्हटलं की काहीच दिसत नाही. माझ्या आईला ओटा किती उंच हवा हे विचारलं तेव्हा तिनं कमरेशी हात धरून दाखवला आणि म्हणाली, "बत्तीस इंच असेल." टेप लावला तर बत्तीसच निघाले. १२ ला २, ३, ४, ६ अशा सगळ्यांनी भाग जातो. खिडकीचे तीन भाग करायचे असतील तर मिस्त्रीला आकडेमोड करावीच लागत नाही, दोरी घडी घालून तो खुणा करून मोकळा होतो. विटांची भिंतही नऊ इंची आणि साडेचार इंची याच नावानं ओळखली जाते. ही भाषा साइटवरच्या प्रत्येकाला येते, आणि बांधकामात भाषा एक असणं ही फार मोठी सोय आहे.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्यावी. फूट-इंच हे 'आपलं जुनं माप' असं आपण म्हणतो, पण ते इंग्रजांबरोबर आलं. आपली मापं वीत, हात, अंगुळ ही: १२ अंगुळांची वीत, २४ अंगुळांचा हात. सीताबर्डीजवळचा झिरो माइलचा खांब बघा, त्यावरची अंतरं मैलांत कोरलेली आहेत. मग १९५६ च्या कायद्यानं दशमान पद्धत आली, १९५८ पासून ती टप्प्याटप्प्यानं लागू झाली. शेर गेला, किलो आला, आणि बाजारात कोणाचं काही अडलं नाही. सराफ्यात शब्द तोळ्याचाच राहिला, पण वजन दहा ग्रॅमचं झालं. खरा तोळा ११.६६ ग्रॅमचा होता. नऊवारी साडी अजून वारातच बोलली जाते. म्हणजे शब्द राहतो आणि आतलं माप बदलतं. माझं सगळं दुखणं नेमकं इथेच सुरू झालं.

हॉल २० फूट बाय १२ फूट. प्लास्टर होऊन आतलं माप चोख २० फूट मिळावं म्हणून मी स्वतः उभा राहून मोजून घेतलं होतं. टाइल घ्यायला गेलो तेव्हा दुकानदार म्हणाला 'दोन बाय दोन', मीही म्हटलं दोन बाय दोन. घरभराची फरशी ७६० चौरस फूट. एका खोक्यात चार टाइला, म्हणजे १६ चौरस फूट. कापण्यात पाच टक्के जाईल असं धरून मी बरोबर ५० खोकी घेतली, ८०० चौरस फूट. बिलावरही ८०० च लिहिलं होतं.

पहिली रांग मुख्य दारापासून सुरू केली, कारण तिथे कापलेला तुकडा नको होता. दहावी टाइल भिंतीला टेकायला हवी होती. ती टेकली नाही. समोरच्या भिंतीपाशी चार बोटांची फट उरली. मिस्त्रीनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग काटकोनाचा गुण्या लावून भिंत तपासली. भिंत सरळ होती. मग त्यानं टाइलच उलटी केली. मागे आकडा होता: ६०० बाय ६००.

दोन फूट म्हणजे ६०९.६ मिलिमीटर. टाइल ६०० ची. प्रत्येक टाइलमागे ९.६ मिलिमीटर कमी. हॉल ६०९६, दहा टाइलांचे ६०००, दोन-दोन मिलिमीटरच्या सांध्यांचे २०, उरले ७६. दारातून आत पाऊल टाकलं की समोरच तीन इंची पट्टी दिसते, हॉलच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. "सगळे दोन बाय दोनच म्हणते न भाऊ," मिस्त्री म्हणाला. त्याची चूक नव्हती. माझीही नव्हती असं मला अजून वाटतं.

पट्टीवर भागलं असतं तर मी हे सगळं लिहिलं नसतं. पण खोक्यातल्या चार टाइला म्हणजे १.४४ चौरस मीटर, चौरस फुटात जेमतेम साडेपंधरा. ५० खोक्यांचे ८०० नाही, ७७५ च झाले. कापाकापीसाठी ठेवलेले ४० चौरस फूट १५ वर आले, आणि मागच्या बेडरूमचा कोपरा उघडा राहिला. परत दुकानात गेलो. तीच टाइल, तोच नंबर, पण लॉट वेगळा. दुकानातल्या दिव्याखाली फरक कळला नाही. घरी आणून लावल्यावर सकाळच्या उन्हात स्पष्ट दिसला: अकरा टाइला किंचित पिवळसर. त्यावर आता पलंग आहे. पलंग हलवून झाडताना दर वेळी त्या दिसतात.

त्या दिवसापासून मी बाजारात काय खरंच फुटात मिळतं आणि काय नुसतं फुटात बोललं जातं, हे बघायला लागलो. प्लायवूड 'आठ बाय चार', शीट २४४० बाय १२२०, इथे नाव आणि माप जुळतं. पण त्याची जाडी विचारा, १२ किंवा १८ मिलिमीटर. सळईला मिस्त्री 'चार सूत' म्हणतो. आठ सुतांचा इंच, म्हणजे चार सूत १२.७ मिलिमीटर. सळई येते १२ ची. इंजिनिअरच्या नकाशात १२ च धरलेली असते म्हणून काही बिघडत नाही, पण घेताना सूत बोलू नका. १२ मिलिमीटरची १२ मीटर लांब सळई सुमारे १०.६६ किलो भरते, काट्यावर घालून बघा. रेती-गिट्टी ब्रासनं, म्हणजे १०० घनफुटांनं, आणि इथे ब्रासच बरा, कारण ट्रकवाला दुसरं काही ऐकत नाही. लाकडाचं तर दोन्हीकडे आहे. वन खात्याच्या डेपोत सागवानाचा लिलाव घनमीटरनं होतो, तेच लाकूड लकडगंजात आलं की घनफुटांनं विकलं जातं. एका घनमीटरचे ३५.३१ घनफूट होतात, एवढं पाठ असू द्या.

हिशोबातला एक घोळ सगळ्यांच्याच घरी होतो. दहा फूट सहा इंच हे लोक १०.६ असं लिहितात. कॅल्क्युलेटरला ते दहा पूर्णांक सहा दशांश वाटतं, खरं हवं १०.५. दहा फूट दहा इंच १०.१० लिहिलं तर तो १०.१ धरतो, म्हणजे जवळजवळ नऊ इंच गायब. माझ्या ठेकेदाराच्या बिलात दोन्ही प्रकारच्या चुका होत्या, काही माझ्या बाजूनं, काही त्याच्या. कोणाची नियत वाईट नव्हती. दोघं मिळून एक रविवार त्यातच गेला. मिलिमीटरमधला ३६२० हा आकडा मात्र कोणीही लिहिला, कोणीही वाचला, तरी ३६२० च राहतो. त्यात टिंबच नाही.

मिलिमीटरची खरी अडचण माणसांची आहे, हे मान्य करतो. बांधकामाचा मिस्त्री सुरुवातीला कुरकुर करतो, "सूतभर इकडेतिकडे चालते," असं म्हणतो, आणि त्याच्या कामात ते चालतंही. प्लास्टरमध्ये सूतभर, म्हणजे तीन मिलिमीटर, कोणाला दिसतं? पण पुढे स्वयंपाकघराच्या ट्रॉल्या बसवायला जो मुलगा आला, त्यानं माझी 'नऊ फूट' ऐकूनही घेतली नाहीत. टेप लावला, पेन्सिलनं प्लास्टरवर २७३८ लिहिलं आणि म्हणाला, "काका, मला एवढंच सांगत जा." नऊ फूट म्हणजे २७४३. पाच मिलिमीटर प्लास्टरनं खाल्ले होते. त्या पाचानं त्याची एक ट्रॉली अडकली असती. चिमणी, शेगडी, सरकत्या खिडक्या, कपाटांच्या बिजागऱ्या, शेवटी घरात जे बसवायचं असतं ते सगळं मिलिमीटरमध्येच येतं. मंजूर नकाशाही मीटरमध्येच असतो.

म्हणून माझ्यापुरतं असं. महाल किंवा इतवारीसारख्या जुन्या वस्तीतलं घर दुरुस्त करत असाल तर फूट-इंच सोडू नका. तिथल्या भिंती, चौकटी, तुळया सगळं इंचात बसवलेलं आहे, मिलिमीटर तिथे भांडण लावेल. तयार फ्लॅट घेत असाल तर भाव विचारण्यापुरता चौरस फूट पुरे, फक्त कागदावरचा कार्पेट एरिया, म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा, चौरस मीटरमध्ये वाचा आणि १०.७६४ नं स्वतः गुणा. रिकाम्या प्लॉटवर नवीन बांधत असाल, तर मी म्हणेन की खोलीची कल्पना फुटात करा, नकाशावर मात्र मिलिमीटर लिहून घ्या. आणि विटा मागवण्याआधी टाइल ठरवा. हे उलटं वाटेल, पण तेच करा.

वरची खोली मी तशीच काढली. एका बाजूला सहा टाइला आणि पाच सांधे, ३६१०. दोन्ही भिंतींपाशी स्कर्टिंगखाली, म्हणजे भिंतीच्या पायाशी लागणाऱ्या पट्टीखाली, जाणारे पाच-पाच मिलिमीटर, एकूण ३६२०. दुसऱ्या बाजूला सात टाइला, ४२२२. मिस्त्री तोच आहे. त्यानं भिंतीवर कोळशानं ३६२० लिहिलं, थोडा वेळ बघत राहिला, मग खाली आपल्यासाठी 'अकरा फूट साडेदहा इंच' लिहून घेतलं. मागच्या आठवड्यात फरशी पूर्ण झाली. एकही टाइल कापावी लागली नाही.