पेसलाइनवाला ग्रुप की सगळ्यांना घेऊन जाणारा?

पुण्यात सायकलिंगचे दोन्ही प्रकारचे ग्रुप आहेत (पेसलाइन म्हणजे एकामागे एक ओळीत, आळीपाळीने पुढे येऊन वारा झेलत जायचं) आणि मी दोन्हीकडे जाऊन आलोय. एकीकडे वर्षभर होतो, दुसरीकडे अजून जातोय (म्हणजे कल कळला असेलच, पण तरी वाचा).

पेसलाइनचं सुख मी नाकारत नाही. जुना कात्रज घाट उतरून खेड शिवापूरकडे लागलं आणि समोरून वारा असला की एकट्याला २२ च्या स्पीडला जीभ बाहेर येते, तिथेच पुढच्याच्या चाकामागे दोन-तीन हातांवर बसलं की २८ आरामात निघतं. २०० किमीची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड) साडेतेरा तासांत करायची असेल तर ही सवय उपयोगी पडते.

पण पुढे राहायचा टर्न आला की तिथे प्रत्येकाच्या अंगात यायचं. ओळ २८ ने मस्त चाललीय, पुढचा बाजूला झाला, नवा पुढे आला की लगेच ३२! त्याला वाटतं आपण ग्रुपसाठी राबतोय, आणि इकडे जो नुकताच लीड देऊन शेवटी आलाय, पाय भरलेले, त्यालाच गॅप भरायला स्प्रिंट मारावी लागते आणि नेमका तोच सुटतो. शिरवळच्या अलीकडे एकदा तो मी होतो. कोणाला पत्ताच नाही. टपरीवर पोचलो तेव्हा यांचा दुसरा चहा चालू, वर ‘अरे ओरडायचं ना’. दम उरला असता तर ओरडलो असतो ना बाबा.

दुसऱ्या ग्रुपमध्ये २३-२४ च्या वर जात नाही, आणि पंक्चर झालं की आठ जण सल्ले द्यायला आणि पंप मारायला एक. कंटाळा येतो, खोटं कशाला बोलू. पण तिथे एक पद्धत आहे, ज्याच्यात दम जास्त त्याने पुढे जास्त वेळ राहायचं, जास्त जोरात नाही. दमलेल्याने अर्ध्या मिनिटात लीड सोडली तरी टोमणा नाही. आणि पुढच्याने खड्डा दाखवला की तो इशारा शेवटच्यापर्यंत पोचतो, पहिल्या ग्रुपमध्ये तिसऱ्यापाशीच संपायचा.

रेसिंग करायचं असेल तर अर्थात पहिला. तुमच्याकडचा पेसलाइन ग्रुप शहाणा असेलही, मी काही सगळे बघितलेले नाहीत. एक राइड शेवटच्या चाकावर बसून करा. पुढे लीड कधी बदलली हे मागे तुमच्या पायांना कळायला लागलं, तर दुसरा ग्रुप बघा.