मुंबईच्या दमट हवेत गोल्डन रिट्रीव्हर: वर्षभराचा अनुभव

आमची गोल्डन रिट्रीव्हर जाई पार्ल्याच्या घरी आली त्याला वर्ष होऊन गेलं. गोल्डन घ्यायचा म्हटलं की लोक त्याच्या स्वभावाबद्दल भरभरून सांगतात, आणि त्यात काही खोटं नाही. पण मुंबईत हा कुत्रा सांभाळायचा म्हणजे आधी त्याचे केस सांभाळायचे, आणि केस सांभाळायचे म्हणजे ते कातडीपर्यंत कोरडे ठेवायचे.

ही जात मूळची स्कॉटलंडची. लॉर्ड ट्वीडमाउथ यांनी १८६८ मध्ये एका पिवळ्या रिट्रीव्हरची ट्वीड वॉटर स्पॅनियल जातीच्या मादीशी जोडी लावली, तिथून गोल्डन घडत गेला. शिकाऱ्याने टिपलेला पक्षी गारठणाऱ्या पाण्यातून उचलून आणणं हे त्याचं काम. म्हणून अंगावर दोन थर: वर पाणी निथळून जाईल असे लांब केस, खाली कातडीलगत मऊ, दाट लव. वरचा थर लवकर सुकल्यासारखा दिसतो. आतली लव जुलै महिन्यात नुसत्या पंख्याखाली तासन्‌तास ओली राहते.

एका ग्रूमिंगच्या दुकानातून जाई अशीच परत आली, वरून छान फुललेली आणि आतून दमट. दुसऱ्या दिवशी कानाखाली सारखी खाजवायला लागली. केस बाजूला केले तर लालभडक, चिकट, ओला चट्टा. व्हेटने भोवतालचे केस कापले, जागा साफ करून औषध दिलं. याला हॉट स्पॉट म्हणतात, आणि दाट केसांच्या कुत्र्यांना पावसाळ्यात तो पटकन होतो. तेव्हापासून आंघोळ घरीच.

आमच्याकडे आता चार वस्तू आहेत. रोजच्या हाताला स्लिकर ब्रश, म्हणजे बारीक तारांचा ब्रश. हलक्या हाताने फिरवावा, दाबला तर तारा कातडीला ओरखडतात. गळती वाढली की अंडरकोट रेक, तो सुटलेली लव ओढून काढतो. स्टीलचा कंगवा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात खरा: ब्रश करून झाल्यावर तो मुळापासून टोकापर्यंत न अडकता गेला तरच काम झालं. गाठी होतात त्या कानामागे, पुढच्या पायांच्या बगलेत, मांड्यांच्या झुपक्यांत आणि पट्ट्याखाली, म्हणून तिथे आधी बघायचं. ओल्या अंगावर गाठ आणखी घट्ट बसते, त्यामुळे विंचरणं आंघोळीच्या आधी.

चौथी वस्तू ब्लोअर, आणि माझ्या मते हीच खरी गुंतवणूक. माणसांचा हेअर ड्रायर गरम हवा देतो. कुत्र्याची लव सुकवायला उष्णता नको, हवेचा जोर हवा, आणि तो ब्लोअर देतो. नळी केसांच्या उलट दिशेने धरली की केस दुभंगून खालची गुलाबी कातडी दिसते, पाणी उडून जातं. पोट आणि शेपटीचं मूळ कोरडं झाल्याशिवाय मी थांबत नाही. आवाज मोठा आहे, त्यामुळे आमच्याकडे हे काम दुपारच्या झोपेच्या वेळी होत नाही. जुहूला समुद्रात उतरली की घरी आल्यावर गोड्या पाण्याने पूर्ण धुवायची, मग कान पुसायचे. लोंबत्या कानांत ओल राहिली की लगेच वास येतो.

उन्हाळ्यात ओळखीचे लोक सांगतात, “एवढे केस, गरम होत असेल तिला, तासून टाका.” कृपा करून तसं करू नका. हे केस उन्हापासून कातडी वाचवतात, आणि तासल्यावर पुन्हा सारखेच येतील याची खात्री नसते. सुटलेली लव काढत राहिलं की हवा कातडीपर्यंत पोचते. पंजांच्या खालचे केस आणि झुपक्यांची टोकं कापायला हरकत नाही. गरमीवर उपाय म्हणजे फिरण्याची वेळ: सकाळी लवकर, नाहीतर दिवेलागणीनंतर. डांबरावर उलटा हात ठेवून बघायचा. आपल्याला चटका सोसला नाही तर तिलाही नाही.

दिसायला म्हणाल तर रंग फिकट सायीपासून गडद सोनेरीपर्यंत असतो. पिल्लाचा रंग पुढे साधारण कानांच्या रंगाकडे झुकतो. जाईचं तसंच झालं. प्रौढ मादी साधारण २५ ते २९ किलोची, म्हणजे आमच्या छोट्या लिफ्टमध्ये ती असली की आणखी दोनच माणसं.

स्वभावाचं सांगायचं तर एकच दाखवते. बाजारातून आल्यावर मेथीची जुडी तिच्या तोंडात दिली की ती लिफ्टपासून ओट्यापर्यंत घेऊन येते, आणि एक पानसुद्धा चुरगळलेलं नसतं. पक्षी न दुखावता आणण्यासाठी घडवलेलं तोंड आहे ते. हाच मऊपणा विंचरतानाही असतो: पंजा धरला तरी ओढत नाही, कूस बदलायला सांगितलं की बदलते. शेजारच्या आजी तर रोज “आमची जाई कुठाय गं?” म्हणूनच दार वाजवतात. राखणीची अपेक्षा मात्र ठेवू नका, कुरियरवाल्याचंही ती शेपूट हलवून स्वागत करते. आणि दिवसभर घराला कुलूप असेल तर ही जात घेऊच नका. एकटेपणा तिला सोसत नाही.

ब्लोअर घेणार असाल तर पावसाळ्याच्या बराच आधी घ्या. पहिले काही दिवस तो बंदच शेजारी ठेवून कुत्र्याला खाऊ द्या, मग दुसऱ्या खोलीत चालू करा, मग सगळ्यात कमी जोरावर पाठीपासून सुरुवात करा. तोंडावर आणि कानांत हवा कधीच मारू नका. तिथे साधा टॉवेल पुरतो.