बालवाडीच्या बायांनो, अनुदानाचा फॉर्म भरण्याआधी हे वाचा

मी ऐरोलीतल्या एका खासगी बालवाडीत अकरा वर्षं शिकवते. पगार ९ हजार, तोही मे महिन्यात मिळत नाही. बालशिक्षणाची पदविका करायची माझी फार दिवसांची इच्छा, पण फी कधी एकरकमी जमलीच नाही. आमची ही नड फसवणाऱ्याला नेमकी ठाऊक होती.

जूनमध्ये बालवाडीच्या बायांच्या ग्रुपवर एक फॉर्म फिरत आला. वर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचे फोटो, खाली बालशिक्षिकांना प्रशिक्षणासाठी ४० हजारांचं अनुदान. कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी राबलेल्या या दोघी. त्यांचे फोटो पाहिले आणि मनात शंका आलीच नाही.

फोनवरचा माणूस अदबीने बोलत होता. "मॅडम, पाया तुम्ही घालता, पण तुम्हाला शिक्षक म्हणून कोणी मोजतच नाही." मला भरून आलं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातलं त्याने मुद्देसूद सांगितलं: बारावी झालेल्या अंगणवाडी कार्यकर्त्यांना ६ महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम, कमी शिकलेल्यांना वर्षाची पदविका. मी शोधून पाहिलं तर ते खरं निघालं. म्हणून पुढचंही खरं धरलं. पण धोरणात ते अंगणवाडी कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षणाबद्दल आहे. खासगी बालवाडीतल्या बाईच्या खात्यात ४० हजार टाकण्याबद्दल त्यात अक्षर नाही.

आधी प्रक्रिया शुल्क मागितलं, १,१८० रुपये. हजार आणि वर १८ टक्के जीएसटी. पावती आली, शिक्क्यासकट. जीएसटीचा आकडा बघून मी निश्चिंत झाले. मग "फाइल मंजूर झाली, अनामत भरा" म्हणून ३,५०० घेतले. आठवड्याने, मुलांना खाऊचे डबे उघडून देत असताना फोन आला. पहिला हप्ता सोडतोय, आत्ताच क्यूआर कोड स्कॅन करा आणि पिन टाका, खिडकी दहा मिनिटंच उघडी आहे. एका हातात डब्याचं झाकण, दुसऱ्या हातात मोबाइल. पिन टाकला आणि खात्यातून १४ हजार गेले. पैसे यायचे असतील तर पिन लागतच नाही. पिन लागतो तो पैसे द्यायला. रोज भाजीवाल्याला स्कॅन करून पैसे देते मी, पण त्या दहा मिनिटांत हे सुचलं नाही.

लाजेपोटी मी रात्रभर गप्प बसले. ही चूक फार महागात पडली. दुसऱ्या दिवशी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, पोलीस ठाण्यातही गेले. तिथल्या हवालदारांनी सांगितलं, ताई, तासाभरात कळवलं असतं तर पैसे समोरच्या खात्यात गोठवता आले असते, आता ते पुढे सरकलेत. पिन मीच टाकलेला, त्यामुळे कळवण्याआधी गेलेल्या पैशांची भरपाई बँकेकडूनही नाही. जीएसटी क्रमांक १५ अक्षरी असतो आणि महाराष्ट्रातला २७ ने सुरू होतो, हेही मला तेव्हाच कळलं. माझ्या पावतीवरची अक्षरं मोजली, चौदा होती.

खरी मदत कशी असते हे मी आता शोधून काढलंय. राज्य सरकारच्या शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर भरतात. सरकार त्यासाठी अनामत मागत नाही आणि रक्कम आधारशी जोडलेल्या खात्यात आपोआप जमा होते. शिक्षकांसाठीच्या सरकारी दीक्षा पोर्टलवरचे अभ्यासक्रम विनाशुल्क आहेत. अंगणवाडीत असाल तर प्रशिक्षणाचं काहीही आलं की आधी मुख्यसेविकेला नाहीतर बालविकास प्रकल्प कार्यालयात विचारा. आम्हा खासगी बालवाडीवाल्यांना विचारायला असं कार्यालय नाही, आणि म्हणूनच हे लोक आम्हाला गाठतात. पदविकेला पैसे भरण्याआधी संस्थेत स्वतः जा, मान्यतेचं पत्र डोळ्यांनी बघा.

माझ्या पैशांपेक्षा मला दुसरीच गोष्ट जास्त लागली आहे. तो फॉर्म मी घणसोलीच्या तिघींना पाठवला होता, "मी भरलाय, तुम्हीही भरा" असं लिहून. तिघींनी प्रत्येकी १,१८० भरले. त्यातली एक आमच्या बालवाडीतली मदतनीस मावशी. तिचे मी पगारातून फेडले, बाकी दोघींचे दिवाळीपर्यंत देईन.

गेल्या आठवड्यात कळव्याच्या मैत्रिणीने मला एक फॉर्म पाठवला, भरू का म्हणून विचारायला. फोटो तेच, मजकूर तोच, नंबर नवा. शुल्क आता २,३६० रुपये आहे.