तूरडाळीची दोन पाकिटं

नौपाड्यातल्या दुकानात परवा तूरडाळीची दोन पाकिटं घेऊन बराच वेळ उभी होते. दोन्हींवर ‘जैविक भारत’चं, म्हणजे सेंद्रिय अन्नाचं सरकारी चिन्ह. फरक त्याच्या शेजारच्या दुसऱ्या चिन्हात होता.

एकावर ‘इंडिया ऑरगॅनिक’. या प्रमाणपत्रासाठी मान्यताप्राप्त बाहेरची संस्था शेतावर येऊन तपासणी करते, नोंदी पाहते. तुरीसारख्या हंगामी पिकाला पेरणीआधी साधारण 2 वर्षं जमीन सेंद्रिय पद्धतीत असावी लागते. खर्च मात्र एकट्या लहान शेतकऱ्याला जड जातो.

दुसऱ्यावर ‘पीजीएस-इंडिया ऑरगॅनिक’. पीजीएस म्हणजे ‘पार्टिसिपेटरी गॅरंटी सिस्टिम’, सहभागातून हमी. इथे आसपासचेच शेतकरी गट करून एकमेकांची शेतं तपासतात. ही पद्धत मला मनापासून पटते. शेजारी काय फवारतो हे बांधावरच्या माणसाइतकं कुणाला कळणार? खर्च कमी, बाजार मुख्यतः देशातला. फक्त शेवटचा शब्द नीट वाचा. ‘ऑरगॅनिक’ऐवजी ‘ग्रीन’ असेल, तर जमीन अजून रूपांतराच्या काळात, म्हणजे रासायनिक शेतीतून सेंद्रियकडे वळण्याच्या टप्प्यात आहे. अक्षरं बारीक असतात, चष्मा लावूनच वाचावी लागतात.

मी पीजीएसचं घेतलं, त्यावर शेतकरी गटाचं गाव छापलं होतं. नुसतं ‘नॅचरल’ लिहिलेलं, कुठलंच चिन्ह नसलेलं तिसरं पाकीट होतं, ते फळीवरच राहू दिलं.